सालईचं कूळ आणि भाऊ दाजींचं झाड

बाळंतिणीसाठी आपण काष्ठौषधीच्या दुकानातून बाळंतबोळ आणतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याला गुग्गुळाच्या गोळ्या आणतो. सणावाराला निखाऱ्यावर धूप टाकतो. तीन पुड्या, तीन कामं. पण बोळ आणि गुग्गुळ हे सख्खे भाऊ आहेत, आणि धूप सालईचा असेल तर तो त्यांचा चुलतभाऊ. तिन्ही म्हणजे झाडाच्या सालीतून पाझरून वाळलेला चीक. त्यातली सालई आपल्या किनवट-माहूरच्या जंगलात, खडकाळ उतारावर, सागाच्या शेजारी उभी असते. लातूरकडं जंगल नावालाच उरलंय, त्यामुळं तिकडच्या बायांना झाड माहीत नसेल, पण वास नक्की माहीत असेल.

झाड ओळखायला सोपं आहे. साल राखाडी-हिरवट, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. पान कडुलिंबासारखं, देठाच्या दोन्ही बाजूंनी पानोळ्या, आणि कडा करवतीसारख्या. सालीला खाच पडली की वासाचा चीक येतो. आता बिब्बा आठवा. चीक त्यालाही आहे, पण तो अंगावर उततो. बिब्बा, आंबा आणि चारोळी एका कुळातले. सालई, गुग्गुळ, बोळ आणि ज्याच्या आंबट फळांचं लोणचं घालतात तो काकड, हे शेजारच्या कुळातले. पूर्वी युरोपातले अभ्यासक अशा चिकाच्या पुष्कळ झाडांना एकाच मोठ्या कुळात घालायचे. १८२४ मध्ये कुंथ नावाच्या जर्मन अभ्यासकानं ते कूळ फोडलं आणि बर्सेरेसी हे नवं कूळ मांडलं. मराठीत त्याला गुग्गुळाचं कूळ म्हणतात. वाटणीची एक खूण फुलात सापडते. फुलाच्या पोटात, जिथं पुढं फळ धरतं, तिथं कप्पे असतात. गुग्गुळाच्या कुळात एका कप्प्यात बहुधा दोन कोवळी बीजांडं असतात, आंब्याच्या कुळात एकच. आज या कुळात सहाशेहून जास्त जाती मोजतात.

हा झाला कुळाचा भाग. खरी गंमत सालईच्या भाऊबंदकीत आहे.

दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्यानं आपल्या समुद्रप्रवासाची वही लिहून ठेवली. तिच्यात तगर नावाचं गाव येतं. तगर म्हणजे लातूरच्या शेजारचं आपलं तेर. तिथून कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडं जायचं. त्याच वहीत लिहिलंय की भडोचची गलबतं अरबस्तानच्या किनाऱ्याला लागायची, आणि कापड, गहू नि तिळाचं तेल देऊन धूप घ्यायची. तेरचं कापड त्यात होतं की नाही हे वहीत नाही. असावं, असं मला वाटतं.

म्हणजे हा उंची धूप अरबस्तानचा, हे व्यापाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. पण पुढं एक घोटाळा झाला. तो माल मुंबईच्या बंदरात यायचा आणि तिथून विलायतेला जायचा. विलायतेतल्या घेणाऱ्याला वाटायचं, हा हिंदुस्थानचाच. त्यात १८०७ मध्ये कोलब्रुक या कलकत्त्याच्या इंग्रज संस्कृत पंडितानं लेख लिहिला, की विलायतेत येणारा धूप तो आपल्या शल्लकीचा, म्हणजे सालईचा. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं झाडाला बॉसवेलिया सेराटा हे नाव दिलं. सेराटा म्हणजे करवतीकाठी. नाव बरोबर होतं, पण धुपाचं मूळ चुकलं. पुढची कितीतरी वर्षं पुस्तकांत तेच छापलं गेलं.

चूक दुरुस्त झाली ती मुंबईत. कार्टर नावाचे डॉक्टर १८४४ ते १८४६ मध्ये मोजणीच्या जहाजावर अरबस्तानच्या किनाऱ्यानं फिरले आणि त्यांनी तिथं धुपाची झाडं पाहिली. नंतर एडनच्या बाजूनं प्लेफेअर या अधिकाऱ्यानं जिवंत झाडं मुंबईला धाडली. ती भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनात, म्हणजे राणीच्या बागेत, लावली गेली. बेळगावात जन्मलेले डॉ. जॉर्ज बर्डवूड यांनी ती झाडं न्याहाळली, आणि १८७० मध्ये त्यांचा लेख लंडनच्या लिनियन सोसायटीनं छापला. धुपाची झाडं वेगळी आहेत, ती अरबस्तान आणि सोमालियाच्या किनाऱ्याची, आणि सालई त्यांची बहीण, असा त्यांचा निवाडा.

नव्या जातींना त्यांनी नावं दिली. एक कार्टर साहेबाचं, एक गव्हर्नर फ्रेअर साहेबाचं, आणि तिसरं डॉ. भाऊ दाजी लाड यांचं: बॉसवेलिया भाऊ-दाजियाना. गोव्याच्या मांद्र्यात जन्मलेला, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतला हा मराठी डॉक्टर. महारोगावर झाडपाल्यातून औषध शोधणारा, मुलींच्या शाळांच्या पाठीशी उभा राहणारा. साहेबांच्या रांगेत त्याचं नाव बसलं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पुढं अभ्यासकांनी ठरवलं की भाऊ दाजींचं झाड आणि कार्टरांचं झाड वेगळी जात नाही, दोन्ही अरबस्तानच्या बॉसवेलिया साक्रातच मोडतात. त्यामुळं ते नाव आता चालू नावांत नाही, जुन्या यादीत आहे. फ्रेअर साहेबाचं मात्र टिकलं.

चीक गोळा करणाऱ्या कुणाचं नाव कुठल्याच झाडाला नाही, हेही जाता जाता सांगते. सोमालियात धुपाचे खडे निवडून प्रतवारी करतात त्या बहुतेक बायकाच.

आता बाजाराकडं या. दुकानात ‘लोबान’ किंवा ‘ऊद’ म्हणून मिळतो तो पुष्कळदा सुमात्राकडच्या वेगळ्याच कुळातल्या झाडाचा डिंक असतो. राळ ही सालवृक्षाची, तिचंही कूळ वेगळं. गुडघ्याच्या गोळ्यांच्या डबीवर ‘शल्लकी’ लिहिलं असेल तर ती आपली सालई. गोळी वैद्याला किंवा डॉक्टरला विचारूनच घ्या. आणि धूप कुठल्याही कुळाचा असो, बाळंतिणीच्या बंद खोलीत त्याचा धूर कोंडू नका. तान्ह्याच्या छातीला तो झेपत नाही.

कच्छ-राजस्थानातला गुग्गुळ खोल खाचा मारमारून इतका संपवला, की जगाच्या धोक्यातल्या झाडांच्या यादीत तो अगदी टोकाला गेलाय. सालईचंही तसं होऊ शकतं. साल वरवर तासली आणि मग झाडाला विसावा दिला तर ते तगतं. खाच लाकडापर्यंत गेली किंवा खोडाभोवती पुरी फिरवली तर ते वाळतं. बी थोडंच रुजतं, पण पावसाळ्याच्या तोंडावर जाड फांदी रोवली तर ती फुटते. २००६ च्या वनहक्क कायद्यानं डिंकासारखं गौण वनउपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क जंगलातल्या आदिवासींना आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणाऱ्या इतरांना दिलाय. किनवट-माहूरच्या गटांनी ग्रामसभेत सालईचा विषय काढलाच, तर भावाची बोलणी करण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात: खाच कोण पाडणार, किती खोल, आणि कुठल्या झाडाला किती वर्षं हात लावायचा नाही.