शंभर शतपावल्या

माझं खरं वजन मला कळलं ते तुमसरला, धानाच्या काट्यावर. एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे सहज गेलो होतो. माल तोलून झाला होता, काटा रिकामा होता, आणि रिकामा काटा दिसला की त्यावर उभं राहावंसं वाटणं हा मनुष्यस्वभाव आहे. मी उभा राहिलो. आकडा ब्याण्णव किलोवर जाऊन थांबला. शेजारचा हमाल एकदा आकड्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत म्हणाला, "भाऊ, माल कोरडा हाय का ओला?"

सरकारी खरेदीत धानाला सतरा टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, हे आमच्या भंडारा जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मी मनातल्या मनात सतरा टक्के वजा केले. तरी शहात्तर किलो कोरडा माल उरतच होता, आणि पाच फूट चार इंचांच्या पोत्याला तोही जास्तच होता.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "साखर काठावर आहे." माझ्या वडिलांची साखर अशीच काठावर होती. काठावरून आत कधी पडली ते कोणाला कळलं नाही. आधी त्यांच्या पायाची दोन बोटं गेली, आणि काही वर्षांनी तेही गेले. त्यामुळे एरवी मी डॉक्टरांशी घालतो तो वाद या वेळी घातला नाही.

बातमी पुण्याला लेकीकडे पोचली आणि चौथ्या दिवशी पार्सल आलं. आत मनगटावर बांधायचं घड्याळ. ते वेळही दाखवत असे, पण त्याचं मुख्य काम पावलं मोजण्याचं. शिवाय लेकीनं दुरूनच सूचना देऊन माझ्या मोबाइलमध्ये जेवणाची खतावणी बसवून घेतली. "बाबा, रोज दहा हजार पावलं आणि पंधराशे कॅलरी. बाकी मला काही सांगू नका."

मी बत्तीस वर्षं बँकेत जमा-नावे केलेलं आहे. आकड्यांना मी भीत नाही. पण एखादा आकडा समोर आला की तो मंजूर कोणी केला, सही कोणाची, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. दहा हजार कोणी ठरवले? कॅलरीचा हिशेब कोणी सुरू केला? चालण्याआधी मी हे शोधायला बसलो. (बसण्यासाठी मला कोणतंही कारण पुरतं, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे.)

पहिली गोष्ट अशी सापडली की खाण्याचा हिशेब ही काही साहेबाची देणगी नव्हे. आपल्या धर्मसूत्रांत माणसानं घास किती घ्यावेत ते स्पष्ट सांगितलेलं आहे. संन्याशानं आठ, वानप्रस्थानं सोळा, गृहस्थानं बत्तीस. ब्रह्मचाऱ्याला मर्यादा नाही. वसतिगृहाच्या खानावळवाल्यांनी हा नियम वाचलेला नसावा. चांद्रायण व्रतात तर घास चंद्राच्या कलेबरोबर वाढवायचे, पौर्णिमेला पंधरा, आणि मग एकेक उतरवत अमावास्येला निरंक. आणि घास केवढा? याज्ञवल्क्यस्मृती सांगते, मोराच्या अंड्याएवढा.

हे मी घरात मोठ्यानं वाचलं, ती चूक झाली. त्या रात्री सौ. समोर बसून मोजू लागल्या. मी बत्तीसचा नियम मोडला नाही, फक्त मोर जरा मोठा धरला. "अहो, हा मोर आहे की शहामृग?" एकोणिसाव्या घासाला त्यांनी विचारलं. नियम कितीही कडक असला तरी माप खाणाऱ्याच्या हातात असलं की त्याचं काय होतं, हे मला त्या रात्री कळलं. पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली तीच आहे.

इटलीत पादुआला सांतोरिओ नावाचे एक वैद्य होऊन गेले. ते तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवत. खाल्लेलं किती आणि बाहेर टाकलेलं किती, याचा ताळा त्यांनी सुमारे तीस वर्षं मांडला आणि १६१४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. दर वेळी हिशेबात तूट येई. ती न दिसणाऱ्या घामावाटे जाते, असं त्यांनी लिहून ठेवलं. आमच्या बँकेत तूट आली तर असं कारण चाललं नसतं.

कॅलरी हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये उष्णता मोजण्यासाठी निघाला. तो ताटात आणला अमेरिकेतल्या अ‍ॅटवॉटर या प्राध्यापकांनी. १८९०च्या दशकात त्यांनी माणूस राहू शकेल एवढी एक बंद पेटी बांधली. आत माणूस खायचा, झोपायचा, जागच्या जागी सायकल मारायचा, आणि बाहेर त्याच्या अंगातून निघणारी उष्णता मोजली जायची. त्यातून निघालेला कोष्टक आजही चालतो: प्रथिनं आणि पिष्ट यांना ग्रॅमला चार, चरबीला नऊ. मग १९१८ साली लुलू हंट पीटर्स या डॉक्टरीणबाईंनी पुस्तक लिहून बायकांना सांगितलं की यापुढे पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरीचा पाव म्हणा. बाईंनी स्वतःचं वजन बत्तीसएक किलो उतरवलं होतं, त्यामुळे लोकांनी ऐकलं.

आपल्या भाताची खतावणी मांडली गेली ती कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत. तिथून १९३७ साली भारतीय अन्नाची कोष्टकं निघाली. १९५८ साली ती प्रयोगशाळा हैदराबादला गेली, आणि १९७१ साली डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं जाड पुस्तक तिथूनच आलं. त्यात सडलेल्या कच्च्या तांदळाला शंभर ग्रॅममागे ३४५ कॅलरी आहेत. आता गंमत पाहा. तांदूळ शिजला की पाणी पिऊन अडीच-तीनपट होतो, म्हणजे शंभर ग्रॅम भाताला कच्च्या तांदळाच्या जेमतेम तिसरा हिस्सा कॅलरी. मोबाइलात दोन्ही नोंदी असतात. मी तांदूळ कच्चा तोलत होतो आणि नोंद शिजलेल्याची निवडत होतो. तीन आठवडे माझ्या खात्यात इतकी शिल्लक दिसत होती की चिन्नोरच्या भातावर मी तुपाची धार वाढवली.

आता पावलं. नागपूरच्या खाली हिंगणघाटला लॅम्बटनसाहेबाची कबर आहे. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी त्यानं १८०२ साली मद्रासपासून सुरू केली. मोजत मोजत तो वऱ्हाडाच्या वेशीपर्यंत आला आणि १८२३ साली हिंगणघाटला मरण पावला. त्याच मोजणी खात्यानं पुढं कुमाऊँच्या एका शाळामास्तराला तयार केलं. त्यांचं नाव नैनसिंग रावत. तिबेटात साहेबाला मज्जाव होता, म्हणून हे यात्रेकरूच्या वेषात गेले आणि १८६६च्या जानेवारीत ल्हासाला पोचले. हातात जपमाळ. पण माळेत मणी एकशे आठ नव्हते, शंभर होते. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. मैलाला दोन हजार पावलं, अशी त्यांची चाल खात्यानं पक्की बसवून घेतली होती. बाराशे मैल ते असे मोजत गेले, म्हणजे चोवीस लाख पावलं. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं.

इथं मी चष्मा काढून पुसला. एक मणी म्हणजे शंभर पावलं. म्हणजे शतपावली! आपले आजे-पणजे जेवणानंतर अंगणात घालत तीच. आणि अशा शंभर शतपावल्या, म्हणजे पूर्ण माळ, म्हणजे बरोबर दहा हजार पावलं. लेकीनं पुण्याहून पाठवलेला आकडा मास्तरांच्या माळेत शंभर वर्षं आधीच ओवलेला होता!

पण सही त्यांची नव्हती. टोकियोच्या १९६४च्या ऑलिंपिकनंतर जपानात व्यायामाची लाट आली आणि १९६५ साली एका कंपनीनं कमरेला लावायचं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा-हजार-पावलं-मापक. आकडा गोल होता, नावात शोभला, आणि तेव्हापासून जगाच्या मानगुटीवर बसला. २०१९ साली हार्वर्डच्या संशोधकांनी सुमारे सतरा हजार वयस्क बायकांची पाहणी केली, तेव्हा रोज ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचं प्रमाण घटलेलं दिसलं आणि ७,५००च्या पुढं जास्त चालून विशेष फरक दिसला नाही. म्हणजे मंजुरी नसलेलं व्हाउचर आपण चोपन्न वर्षं पास करत होतो.

मी मात्र इमानानं खांब तलावाकडे फिरायला जाऊ लागलो. घड्याळ मनगटाच्या हालचालीवरून पाऊल ओळखतं, हे एकादशीच्या भजनात कळलं. टाळ वाजवत बसल्या जागी मी बाराशे पावलं चाललो होतो. ती मी परत केली नाहीत. घड्याळ रात्री सांगे की आज इतक्या कॅलरी जाळल्या. मी त्या जेवणाच्या खात्यात जमा करी आणि तेवढ्याच्या पाटवड्या खाई. तीन महिन्यांनी वजन केलं. त्र्याण्णव.

मीच एकटा असा नाही. अमेरिकेत पिट्सबर्गला ४७१ तरुण माणसांवर दोन वर्षं प्रयोग झाला. आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन सगळ्यांना होतं. अर्ध्यांना वरून यंत्र दिलं. २०१६ साली निकाल छापून आला. यंत्र नसलेल्यांचं वजन सरासरी ५.९ किलो उतरलं, यंत्रवाल्यांचं ३.५. असं का, ते तज्ज्ञ सांगोत. पाटवड्यांचा माझा अनुभव मी सांगितला. २०१७ साली स्टॅनफर्डनं मनगटावरची सात यंत्रं तपासली. जाळलेल्या कॅलरी सांगताना त्यांतलं सर्वांत चांगलंही सरासरी सत्तावीस टक्के चुकत होतं. धानात सुद्धा इतका फरक कोणी खपवून घेत नाही.

तरी घड्याळाचा खरा ताळा मला लागला तो लाखनीकडे, चुलतभावाच्या बांधीत. रोवणी चालू होती. दहा-बारा बाया गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे लावत होत्या. मला उगीच हुक्की आली. त्यातल्या एका बाईंना म्हटलं, आजचा दिवस हे मनगटावर बांधता का? त्यांनी हसत बांधलं. तासाभरानं त्या ओरडल्या, "भाऊ, हे काहून थरथरते?" मी बांधावरून वाकून वाचलं. घड्याळ म्हणत होतं, बराच वेळ बसून आहात, उठा, जरा हिंडा.

"काय म्हणते थे?"

मला सांगवेना. पण त्या सोडतात काय! शेवटी सांगितलं. बाई कंबर सरळ करून क्षणभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्याले म्हणा, उतर बांधीत." सगळी रांग हसली. संध्याकाळी घड्याळात बावीसशे पावलं होती. अ‍ॅटवॉटरच्या पेटीत त्या कष्टाचा पैन्‌पै हिशेब लागला असता, पण मनगटाच्या यंत्राला तो दिसलाच नाही. टाळाला मात्र बाराशे! आणि त्या बाईंच्या हातचा तांदूळ मी तोलून, चुकीची नोंद करून खात होतो. त्या दिवसापासून टाळाची पावलं मी खात्यातून वजा केली.

आमच्या विदर्भानं यावर स्वतःचा तोडगाही काढलेला आहे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार सांगत, मोजू नका, दिवसातून दोनदाच जेवा. लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ते घरोघरी नेलं: प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाल. आमचे शेजारी ते करतात. फक्त त्यांचं जेवण बरोबर चोपन्नाव्या मिनिटाला संपतं. मला तेवढा वेळ दिला तर धानाचं कोठार शिल्लक राहणार नाही.

म्हणून मी माझ्या धंद्याला जागलो. २००८ साली अमेरिकेतच सुमारे सतराशे माणसांची पाहणी छापून आली होती. खाल्लेलं रोज लिहिणाऱ्यांचं वजन न लिहिणाऱ्यांच्या दुपटीनं उतरलं होतं. मी वही घेतली. दोन खाती केली, एक खाण्याचं आणि एक चालण्याचं, आणि एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात वळती करायला कायमची बंदी घातली. तांदूळ कच्चा तोलायचा, नोंद कच्च्याचीच करायची. तपासणीस म्हणून सौ. आहेत. त्या लाच घेत नाहीत, हा त्यांचा एकमेव दोष.

वर्ष झालं. परवा तुमसरला गेलो होतो. काटा रिकामा होता. मी उभा राहिलो. चौऱ्याऐंशी. साखर अजून काठावरच आहे, पण अलीकडच्या काठावर. तोच हमाल पोत्यांना टेकून बिडी ओढत होता. आकडा पाहून म्हणाला,

"औंदा माल वाळलेला दिसते, भाऊ."