२,००० पौंड, पण किती वर्षांचे?

४ जून २०२४. ब्रिटनच्या निवडणुकीतली पहिली टीव्ही डिबेट: पंतप्रधान ऋषी सुनक विरुद्ध लेबरचे किअर स्टार्मर. उत्तराला फक्त ४५ सेकंद. सुनक पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, की लेबर आली तर कमावत्या कुटुंबाला २,००० पौंड जादा कर! स्टार्मरनी हे खोडून काढलं, पण बऱ्याच उशिरा.

खरी गंमत पुढे आहे. हा आकडा चार वर्षांचा मिळून होता, म्हणजे वर्षाला ५००. शिवाय हा हिशोब सरकारी अधिकाऱ्यांचा म्हणून मांडू नये, असं ट्रेझरीचे सचिव जेम्स बोलर यांनी आदल्याच दिवशी लिहिलं होतं. ते पत्र बाहेर आलं डिबेटनंतर.

मी कोड लिहितो. एकक नसलेला आकडा आमच्याकडे रिव्ह्यूतच अडकतो. टीव्हीवर मात्र तो थेट घरात पोचतो. म्हणून आकडा ऐकलात की आधी विचारा: किती वर्षांचा, आणि मोजला कुणी?