मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड क्लेअर व त्याचें घराणें

मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांच्या मालिकेंत माल्कम व रॉबर्ट ग्रँट यांच्यामध्यें येणाऱ्या लॉर्ड क्लेअरचा (१८३१ ते १८३५) उल्लेख 'इंग्रज गव्हर्नर' या सामान्य शब्दानें उरकला जातो. वस्तुतः हा पुरुष आयरिश सरदार होता. व त्याचें कुलवृत्त पाहिल्यावांचून परराज्य कसें चालतें याचें एक मर्म हातीं लागत नाहीं.

हें फिट्झगिबन घराणें मूळचें लिमरिक परगण्यांतील रोमन कॅथॉलिक. त्या काळीं आयर्लंडांत कॅथॉलिकांस वकिलीची मनाई असल्यामुळें क्लेअरच्या आजानें प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला. बाप जॉन हा १७८९ त आयर्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला व १७९५ त त्यास क्लेअरची अर्लकी मिळाली. डब्लिनची पार्लमेंट मोडून आयर्लंडास ब्रिटनशीं जोडणारा १८०० चा कायदा घडवून आणण्यांत तो अग्रणी होता. १८०२ त तो वारला, तेव्हां लोकांनीं प्रेतयात्रेवर मेलेलीं मांजरें फेकलीं, अशी आख्यायिका आहे.

मुंबईस आला तो त्याचा पुत्र, दुसरा अर्ल जॉन (जन्म १७९२). हॅरोच्या शाळेंत कवि बायरनचा हा जिवलग स्नेही होता. पेशवाई बुडून तेरा वर्षें झालीं असतां तो येथें अधिकारावर आला. त्याच्याच अमदानींत, ६ जानेवारी १८३२ रोजीं, बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' निघालें.

१८५१ त तो निःसंतान वारला व अर्लकी धाकटा भाऊ रिचर्ड याजकडे गेली. रिचर्डचा पुत्र १८५४ त बालाक्लाव्हाच्या रणांत, ब्रिटिश घोडदळाच्या प्रसिद्ध हल्ल्यांत पडला. १८६४ त रिचर्डही वारला, आणि अर्लकी खुंटली. त्या पुत्राचा लिमरिक येथील पुतळा १९३० त सुरुंगानें उडविण्यांत आला. मुंबईंत भायखळ्याच्या क्लेअर रोडास आज मिर्झा गालिब मार्ग म्हणतात.

शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण लावणाऱ्या बाळाजीपंत नातूंस आपण दोष देतों, आणि तें महाराष्ट्राचेंच विशेष वैगुण्य समजून खालीं मान घालतों. फिट्झगिबनांचा वृत्तांत सांगतो कीं, जित देशांतील कर्तीं घराणीं मानपानानें बांधून घेणें ही साम्राज्याची नेहमींची रीत होती. आणि अशा घराण्याचा पुत्र दुसऱ्या जित देशावर अधिकारी म्हणून पाठविणें, ही तिचीच पुढची पायरी. यानें नातूंचा दोष उणा होत नाहीं. मात्र त्याचें कारण आपल्या रक्तांत शोधण्याचें प्रयोजन उरत नाहीं.