पदकांच्या तक्त्यात कोण मोजले जाते?

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताला २९ पदके मिळाली, ब्रिटनला १२४. मग सवाल येतो: एवढासा देश पुढे, आणि आपण? सवाल रास्त आहे. पण मोजपट्टी तपासल्याशिवाय आम्ही उत्तर देणार नाही.

२०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, म्हणजे २.२१ टक्के. ब्रिटनच्या सरकारी पाहणीत हे प्रमाण २० टक्क्यांच्या वर जाते. तिथे दीर्घ आजार आणि मानसिक त्रासही धरतात, रोजच्या जगण्यात अडचण येते का ते विचारतात. आपल्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. माणसे तीच, व्याख्या बदलली. (नावही बदलून 'दिव्यांग' केले. 'हरिजन' नाकारणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना ही युक्ती ओळखीची आहे.)

इतिहासही वेगळा. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिक सुरू झाले त्याच दिवशी, स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजी झाली. भरवणारे डॉक्टर लुडविग गुटमन हे नाझींच्या जर्मनीतून निसटलेले ज्यू. तिथे खेळ उपचारातून आला. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याचे कलम ५०४ आले: सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला अपंगाला अपंग म्हणून वगळता येणार नाही. तिथे खेळ हक्काचा विषय झाला. सोव्हिएत रशियाने १९८० चे ऑलिम्पिक मॉस्कोत थाटात भरवले, पॅरालिम्पिकला मात्र नकार दिला. ते नेदरलँड्समधल्या आर्नेमला झाले. हे तिन्ही 'धोरण' एकाच रकान्यात लिहायचे कसे?

आपले पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांचे, १९७२, हायडेलबर्ग, ५० मीटर पोहणे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला हा जवान. पद्मश्री मिळाली २०१८ ला. पदक होते, धोरण कुठे होते?

आणि जात? २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींमध्ये अपंगांचे प्रमाण २.४५ टक्के, देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. पदकांच्या तक्त्यात तो रकानाच नाही. ज्या देशात तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ ला महाडचा सत्याग्रह करावा लागला, तिथे मैदान आणि पोहण्याचा तलाव सगळ्यांना सारखाच खुला होता असे धरून तुलना करायची काय?

तरुण मित्रांनो, आपल्या तालुक्याच्या क्रीडा संकुलात चाकाच्या खुर्चीवरून आत जाता येते का, किती अपंग मुले येतात आणि कोणत्या वस्तीतून येतात, हे माहितीच्या अधिकारात विचारा.