गाठ न सोडता कागद

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कोणता कागद कोणत्या रुमालात आहे हे फेरिस्त सांगते. ती नसेल तर प्रत्येक गाठ सोडणे आले. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, त्यासाठी किती गाठी सोडाव्या लागल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी. संगणकाच्या इतिहासात हाच प्रश्न वेगळ्या वेषात पुन्हा उभा राहिला.

१९८९ साली फिल कॅट्झ यांनी झिप पद्धत प्रचारात आणली. तीत प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबली जाते आणि गठ्ठ्याच्या शेवटी सर्व फायलींची यादी, त्यांच्या जागांसह, नोंदलेली असते. त्यामुळे हवी ती एकच फाइल काढता येते. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मधील डबलस्पेसने निराळी वाट धरली : दाबलेली एक मोठी फाइलच वापरणाऱ्यासमोर ड्राइव्ह म्हणून येई. २००५ साली लिनक्सच्या गाभ्यात फ्यूज ही सोय समाविष्ट झाली आणि झिपसारखे गठ्ठे न उलगडता ड्राइव्हप्रमाणे जोडणे सामान्य वापरकर्त्यालाही शक्य झाले.

बंगळुरूत राहणाऱ्या मराठी वाचकाला याचा लाभ नकळत होत असतो. येथील भारतीय विज्ञान संस्थेचा मोठा वाटा असलेल्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातील अनेक मराठी ग्रंथ आज इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. तेथे ग्रंथाच्या पानांची चित्रे एका झिप गठ्ठ्यात असतात. आपण पान उलटले की तेवढेच पान काढून दिले जाते.

हे सारे मला उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज माझ्यापुढे आला. जुन्या सेवापुस्तकांची छायाचित्रे एका प्रचंड झिप गठ्ठ्यात होती. तो संपूर्ण उलगडण्याइतकी जागा आमच्या संगणकावर नव्हती. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असा शेरा लिहिला गेला. त्याखाली सही माझी होती.

त्या बाई पुन्हा आल्या. या वेळी एका तरुण तंत्रज्ञाने तो गठ्ठा केवळ वाचनासाठी ड्राइव्ह म्हणून जोडला. फायलींना सेवाक्रमांकाची नावे दिलेली असल्याने हवे ते पान काही मिनिटांत सापडले. ती नावे कोणा अनाम लिपिकाने कंटाळा न करता दिली होती. त्याने नुसते १, २, ३ असे आकडे टाकले असते, तर ड्राइव्ह जोडूनही आम्ही चाचपडतच राहिलो असतो.

अर्थशास्त्रात साठवणुकीचा खर्च शिकवतात. शोधण्याचा खर्चही शिकवतात. प्रशासनात पहिला खर्च कार्यालय सोसते, दुसरा बहुधा दारात उभ्या असलेल्या नागरिकावर पडतो. तेव्हापासून ‘उपलब्ध नाही’ असे लिहिण्यापूर्वी मी एकच विचारतो : कागद नाही, की आपण गाठीपाशीच थांबलो?