रझाकार म्हणजे स्वयंसेवक!

आमच्या धंद्यात व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं की कोड रिव्ह्यूमध्ये धुलाई ठरलेली. इतिहासात मात्र ही सोय नाही. एकदा चिकटलेलं नाव पिढ्यान्‌पिढ्या चालतं. मी मूळचा धाराशिव जिल्ह्यातला (2023 पर्यंत कागदोपत्री उस्मानाबाद), त्यामुळे अशी दोन नावं लहानपणापासून कानावर आहेत: रझाकार आणि पोलीस ॲक्शन.

'रझा' म्हणजे मर्जी. आपण मॅनेजरकडे मागतो ती 'रजा' म्हणजे हाच शब्द, बरं का! रझाकार म्हणजे स्वतःच्या मर्जीने काम करणारा, शुद्ध मराठीत स्वयंसेवक. किती सोज्वळ! हैदराबाद संस्थानात इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाच्या स्वयंसेवकांचं हे नाव. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं (वेगळा जिल्हा झाला 1982 साली). 1947-48 मध्ये या 'स्वयंसेवकांनी' गावंच्या गावं लुटली, जाळली. माणसं सीमा ओलांडून सोलापूर-बार्शीकडे पळाली. आज मराठवाड्यात कुणाला 'रझाकार' म्हणून बघा... अर्थ सांगत बसायला वेळ मिळणार नाही!

शब्दाचं हे नशीब फक्त आपल्याकडचं नाही. 1971 साली पाकिस्तानी लष्कराने पूर्व पाकिस्तानात मदतीला जी फौज उभी केली तिचंही नाव रझाकारच, आणि बांगलादेशात ती आजही शिवी आहे. 2024 च्या जुलैमध्ये शेख हसीनांनी आंदोलक विद्यार्थ्यांच्या संदर्भात हा शब्द काढला, पोरं भडकली, आणि ऑगस्टमध्ये सरकार गेलं. आणि आपण फार खूष व्हायला नको. सरकारी घोड्यावर लढणारा तो आपला बारगीर. त्याचंच 1740 च्या दशकातल्या मराठ्यांच्या स्वाऱ्यांनंतर बंगालीत 'बर्गी' झालं, आणि पोरांना झोपवायला आया त्याची भीती घालू लागल्या.

आता दुसरं नाव. 13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे सोलापूरहून निघालेली भारतीय फौज नळदुर्गला पोचली आणि तिथला बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती घेतला. दुसऱ्या एका तुकडीने तुळजापूर घेतलं, तिथे निजामाचं पायदळ आणि सुमारे 200 रझाकार दोन तास लढले. संध्याकाळपर्यंत उमरगाही पडलं. रणगाडे, विमानं, मेजर जनरल चौधरी... आणि नाव काय, तर 'पोलीस ॲक्शन'! लष्कराच्या कागदांत ते 'ऑपरेशन पोलो' होतं. पण निजामाशी नोव्हेंबर 1947 मध्ये 'जैसे थे' करार झालेला, आणि हैदराबादने प्रकरण संयुक्त राष्ट्रांत नेलेलं. युद्ध म्हटलं की समोर दुसरा देश आहे असं कबूल केल्यासारखं. पोलीस म्हटलं की घरातला मामला. नाव हुशारीने ठेवलं होतं, यात वाद नाही. 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली, तोच आपला मुक्तिसंग्राम दिन.

पण मला खटकतो तो तिसरा गट. ॲक्शननंतर जे झालं ते पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिचा अंदाज: संस्थानात 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सगळ्यात वाईट अवस्था चार जिल्ह्यांत, त्यात उस्मानाबाद. समितीने रझाकारांचे अत्याचारही लिहिले, आणि काही ठिकाणी लष्कर-पोलिसांतल्या लोकांचा हात होता हेही लिहिलं. सरकारने तो अहवाल छापलाच नाही, दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचायला मिळू लागला ते थेट 2013 च्या सुमारास.

मारणाऱ्यांत गावोगावचे टोळीवाले होते, त्यांना आमच्या बोलीत नावच नाही! रझाकार नाही, पोलीस नाही, सैनिक नाही. आजी काळ मोजायची तो 'ॲक्शनच्या आधी' आणि 'ॲक्शननंतर' असा. आधीच्या गोष्टीत कर्ता ठणठणीत असायचा: रझाकारांनी जाळलं, रझाकारांनी नेलं. नंतरच्या गोष्टीत तो गायब. 'लई लुटालूट झाली.' 'मोमीनाचं घर बसलं.' कुणी केलं म्हणून विचारलं तर म्हणायची, "लोकांनी."

कुठल्या लोकांनी, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने विषय बदलला.