सारवलेली भिंत आणि धुराचं यंत्र

पावसाळा लागला की भिवंडीच्या गल्ल्यांतून आणि आपल्या तालुक्यातल्या गावापाड्यांतून धुराचं यंत्र फिरतं. पोरं धुरामागे धावतात, म्हाताऱ्या नाकाला पदर लावतात. एक बाई म्हणते, धूर मारा, डेंग्यू फिरतोय. शेजारची म्हणते, आमच्या दारात नको, घरात दम्याचं माणूस आहे. आम्हाला दोघींचंही पटतं. हा वाद आजचा नाही, आपल्या आज्यांच्या वेळेपासूनचा आहे. तीच गोष्ट आज सांगतो.

स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास देशात वर्षाला अंदाजे 7.5 कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि 8 लाख माणसं दगावायची. मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी 1946 मध्ये उत्तर कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत घराघरांत डीडीटी मारून घेतली. ताप उतरला. मग 1953 मध्ये देशभराचा कार्यक्रम सुरू झाला. पाठीवर पंप घेतलेली माणसं दारात येऊ लागली. भांडी बाहेर काढा, धान्य झाका, पोरांना बाहेर न्या, एवढं सांगायची आणि आतल्या भिंतींवर फवारा मारून निघून जायची.

डीडीटीचा गुण असा की ती भिंतीवर महिनोन्‌महिने टिकते. रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर टेकतो, औषध पायाला लागतं आणि तो मरतो. म्हणजे सगळा खेळ भिंतीचा. आणि भिंत कोणाची? बाईची! आपल्याकडे कारवीचे कूड, त्यावर शेणामातीचं लिंपण. फवाऱ्याचे पांढरे डाग पडले, वास सुटला, वर सण तोंडावर आला, की आज्यांनी हात घातला शेणात आणि भिंत सारवून टाकली. औषध गेलं लिंपणाखाली. लोक फवारलेल्या भिंती सारवतात, ही त्या काळच्या अधिकाऱ्यांची कायमची तक्रार. बायका अडाणी, असा तिचा अर्थ निघायचा. आम्हाला विचाराल तर अडाणीपण ते नव्हेच. डास भिंतीवर बसून मरतो, म्हणून दोन महिने सारवू नका, एवढं एक वाक्य बाईला समजेल असं सांगायला किती वेळ लागला असता?

शिवाय आज्या काही सगळ्याच फवाऱ्याच्या विरोधात नव्हत्या. सुरुवातीला डीडीटीनं ढेकूणही मरायचे, त्यामुळे लोक खूश होते. पुढे ढेकणांना ती पचू लागली, तेव्हा हे औषध भेसळीचं, असं लोक म्हणू लागले. डासांनाही ती पचायला लागली होती. 1959 मध्येच पंचमहाल जिल्ह्यात, तेव्हाच्या मुंबई राज्यात, हिवतापाचा डास डीडीटीला दाद देत नाही असं दिसलं. 1965 पर्यंत देशातले रुग्ण लाखाच्या आसपास आले होते, ते 1976 मध्ये 64 लाखांवर गेले. नंतर मॅलाथिऑन आलं. त्याचा वास इतका उग्र की लोक दारं लावून घ्यायचे. 1989 मध्ये शेतीत डीडीटी वापरायला बंदी आली, डासांसाठी मात्र ती चालू राहिली. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डीडीटी आणि मॅलाथिऑन दोन्ही ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकली. मग नाकाला पदर लावणारी म्हातारी अगदीच वेडी म्हणायची का?

आता धुराचं. धूर भिंतीवर राहत नाही, हवेत विरतो. त्या वेळी उडणारा डास तेवढा मरतो, पाण्यातली अळी तशीच राहते आणि आठ-दहा दिवसांत तिचा डास होतो. डेंग्यूचा डास तर दिवसा चावतो आणि घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, कपड्यांमागे, पलंगाखाली बसतो. गल्लीतला धूर त्याच्यापर्यंत क्वचितच पोचतो. साथ भडकलेली असताना धुराचा उपयोग आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण धूर डोळ्यांना दिसतो, म्हणून काम झालं असं सगळ्यांनाच वाटतं, पुढाऱ्यांनाही.

अळी होते ती आपल्या पिंपात. आणि पिंप का भरून ठेवतो? रोज पाणी येत नाही म्हणून. तानसा धरण 1892 चं. त्याचं मुंबईला जाणारं पाणी भिवंडी तालुक्यातूनच मोठमोठ्या नळांनी जातं, आणि आपण कडेला हंडे, ड्रम, टाक्या भरून ठेवतो. कोरडा दिवस पाळा असं आरोग्यसेविका सांगते, ते बरोबरच आहे. नुसतं पाणी ओतून भागत नाही, पिंपाची कड आतून घासावी लागते, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी सुक्या कडेला महिनोन्‌महिने तग धरतात. पण चार दिवसांनी पाणी येणाऱ्या बाईनं पिंप रिकामं करायचं तरी कसं? हा प्रश्न पाणीपुरवठ्याचा आहे, तो धुरानं सुटायचा नाही.

कीटकनाशकाच्या डब्यावर कायद्यानं रंगीत खूण असते. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. 2017 मध्ये यवतमाळला कापसावर फवारताना शेतकरी आणि मजूर विषबाधेनं दगावले, तेव्हापासून आमच्या गटातल्या बायका शेतातला डबा आधी फिरवून बघतात. धुराच्या यंत्रात काय ओतलं ते मात्र अजून कोणी विचारत नाही. औषधाचं नाव काय, कशात मिसळलं, यंत्र चालवणाऱ्या पोराला हातमोजे आणि मास्क दिलाय का, येणार असल्याचं आदल्या दिवशी दवंडीनं किंवा फोनवर कळवणार का, म्हणजे अन्नपाणी झाकता येईल आणि दम्याच्या माणसाला, तान्ह्या बाळाला लांब नेता येईल?

15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा भरते. डबा तिथे आणून दाखवा, असं आम्ही ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आधीच लेखी देणार आहोत. त्याच कागदावर दुसरी ओळ पाण्याच्या वेळापत्रकाची.